बाबूरावांचा रुमाल

एका सोमवारी माझी पत्नी मालती जामखेडहून मोटारीने नगरच्या दवाखान्यात पोचली. शुक्रवारी ती गेली. मोटार चालवणाऱ्या बाबूरावांची नोकरीही त्याच आठवड्यात गेली.

बाबूराव रुमालाला विचारल्याशिवाय मोटार हलवत नसत. युद्धामुळे पेट्रोल मिळेनासं झालं होतं आणि मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागे भट्टीचं पिंप, खाली लांब नळ्या, पुढे काथ्या भरलेला फिल्टर. भट्टीतला गॅस नळ्यांतून गार होत, काथ्यातून गाळला जाऊन इंजिनात जायचा. निघण्यापूर्वी बाबूराव फिल्टरच्या तोंडावर पांढरा रुमाल धरत. डाग उमटला की सगळा काथ्या बाहेर काढून धुवायला बसत. तासभर तरी जाई. मी झाडाखाली बसून पुस्तकं वाचून संपवली आहेत.

एकदा मामलेदार चिडले. बाबूराव काथ्या पिळत म्हणाले, “सायेब, तुमी-आमी शिळं खाऊ. इंजन खात न्हाई.”

गाडीत प्रवासी भांडू लागले, तर मागे न बघता म्हणत, “गार हू द्या आधी. मग बोला.”

चहाचंही तेच. आमच्याकडे आले की मालतीने गाळलेला चहा ते खिशातल्या दुसऱ्या रुमालातून पुन्हा गाळत, आणि बशीत ओतून साय धरेपर्यंत बसून राहत.

“माझ्या गाळणीवर भरवसा नाही वाटतं, भाऊजी?”

“हाय की वैनी. माझाच माझ्यावर न्हाई.”

त्या सोमवारी मालतीच्या पोटातली कळ थांबेना. वैद्य म्हणाले, दुपारच्या आत नगर गाठा. तिला बाकावर निजवलं. बाबूरावांनी भट्टी पेटवली, रुमाल धरला. रुपयाएवढा काळा डाग उमटला. मी तो पाहिला आणि सवयीने झाडाकडे वळलो. बोलून उपयोग होत नाही, हे सगळ्या जामखेडला माहीत होतं.

त्यांनी रुमालाकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं. रुमालाची घडी करून खिशात घातली.

“बसा मास्तर.”

“काथ्या?”

“बसा म्हन्लं ना.”

नळ्या गार करायला ते आष्टीला नेहमी थांबत. त्या दिवशी थांबले नाहीत. निम्म्या वाटेपासून इंजिन ठोके देऊ लागलं. दवाखान्याच्या फाटकाशी ते बंद पडलं आणि नंतर चालू झालं नाही. आत काजळी आणि राख बसून पार जाम झालं होतं. मोटारीचे मालक शेठ त्यांना म्हणाले, “रुमालवाले म्हणून तर ठेवलं होतं तुम्हाला.” बाबूरावांनी कारण सांगितलं नाही.

तेराव्यानंतर ते घरी आले. मी म्हणालो, “तुमची नोकरी गेली, आणि ती काही वाचली नाही.”

बाबूरावांनी विचारलं,

“चार दिस बोलल्या ना वैनी तुमच्याशी?”

“बोलली.”

“मग झालं.”

मी चहा केला. मला तो नीट गाळता आला नव्हता; वर भुकटी तरंगत होती. त्यांनी तो तसाच, कढत, कपाने प्यायला. ते गेल्यावर पाहिलं, तर तो काळ्या डागाचा रुमाल घोंगडीवर राहिला होता. दुसऱ्या दिवशी परत द्यायला गेलो, तर म्हणाले, “आता मला कशाला?”

गेल्या वर्षी बाबूरावही गेले. मोटारी पुन्हा पेट्रोलवर चालतात आणि वेळेवर सुटतात. रुमाल माझ्या पेटीत आहे. मी तो धुतलेला नाही.