तीन नंबरचं पुस्तक

शरीरक्रियाशास्त्राच्या विभागात पाठ्यपुस्तक निवडायची पद्धत विभागप्रमुखांनी स्वतः घालून दिली होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता. प्रकाशकांकडून आलेल्या नमुना प्रती सर घरी नेत, त्यांना खाकी कव्हरं घालत, नावाची पानं टाचून बंद करत आणि वर नुसता नंबर टाकत. मग एकेक प्रत आठवडाभर एकेकाकडे फिरे. ज्याला जे वाटेल ते त्यानं समासात पेन्सिलीनं लिहायचं, सही करायची नाही. प्रकाशकाच्या नावाला कुणी भुलायला नको आणि कुणाची भीडही पडायला नको.

यंदा चार पुस्तकं आली. रविवारी दुपारी सर जेवणाच्या टेबलावर कव्हरं घालायला बसले. इतकी वर्षं हे काम त्यांची बायको करायची. तिला जाऊन दहा महिने झाले होते. सरांना कव्हराचे कोपरे काही केल्या जमेनात, आणि डोळे पुसायला दोनतीनदा उठावं लागलं. त्या उठबशीत एक नमुना प्रत वर्तमानपत्रांखाली गेली, आणि टेबलाच्या कडेला कायम पडून असलेलं, बायकोनंच कधीकाळी तसंच खाकी कव्हर घातलेलं जुनं पुस्तक गठ्ठ्यात आलं. चार मोजली, चार भरली. या एकाचे कोपरे तेवढे छान आले म्हणून सरांनी स्वतःचीच पाठ थोपटली आणि त्यावर तीन नंबर टाकला. आतलं पान त्यांनी न बघताच टाचलं. डोळे भरलेले असले की छपाई दिसत नाही.

ते पुस्तक साधं नव्हतं. बायको शिकायला सरांच्याच बरोबर होती आणि परीक्षेत नेहमी त्यांच्या वर असायची. लग्नानंतर ती घरात राहिली आणि सर कॉलेजात लागले. रोज संध्याकाळी ती उद्याचा धडा वाचायची आणि मुलांना कसं समजवायचं ते समासात पेन्सिलीनं लिहायची. दुसऱ्या दिवशी सर तेच सांगायचे. मुलं हसायची, मुलांना कळायचं, सरांचं नाव झालं. हे सरांनी कधी कुणाला सांगितलं नाही. सवड झाली नाही म्हणावं, तर तीस वर्षं हाताशी होती.

सोमवारी टेबलाची कडा रिकामी दिसली आणि सरांनी घर धुंडाळायला घेतलं. कपाटं झाली, पलंगाखाली झालं, शेवटी फ्रीजसुद्धा उघडून झाला. तिचं अक्षर आता घरात दुसरीकडे कुठेच नव्हतं. वाण्याच्या याद्या त्यांनी स्वतःच्या हातानं रद्दीत टाकल्या होत्या.

इकडे तीन नंबर किडनीसरांकडे गेलं. कुठलाही विषय काढा, हे गृहस्थ किडनीवर येऊन थांबत, म्हणून हे नाव. किडनीच्या पानावर समासात लिहिलं होतं, ‘किडनी म्हणजे नुसती गाळणी नव्हे, कपाट आवरणारी बाई. आधी बहुतेक सगळं बाहेर काढते, मग हवं ते परत आत ठेवते.’ किडनीसरांनी खाली लिहिलं, ‘वा! हे मला का सुचलं नाही?’ मग पुस्तक धाकट्या मॅडमकडे गेलं. त्या सरांच्याच विद्यार्थिनी. त्यांनी ते वाक्य वाचलं आणि त्यांना आपला जुना वर्ग आठवला.

महिन्याभरानं बैठक भरली.

“एकमतानं तीन नंबर,” किडनीसर म्हणाले.

हेडक्लार्कनं टाचण्या काढल्या आणि कपाळाला हात लावला. “अहो सर, हे प्रकाशन बंद पडून जमाना झाला! ऐंशी प्रती आणू कुठून?”

सरांनी पुस्तकाचे कोपरे बघितले आणि ते खुर्चीत सावरून बसले.

“पण समासातलं तुमचंच ना, सर?” धाकट्या मॅडम हसून म्हणाल्या. “आम्ही ओळखलं हं! कपाट आवरणारी बाई. ते ऐकूनच मी या विषयाला आले.”

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. तीस वर्षं ती तशीच हलत आली होती.

“नाही,” सर म्हणाले. “हे आमच्या हिचं आहे. सगळंच. मी आपला वर्गात वाचून दाखवायचो.”

मॅडमनी हलकेच पान दोनशे बारा उघडून पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं. श्वसनाचा धडा होता. समासात लिहिलं होतं, ‘माणूस उसासा का टाकतो? पुस्तकात नाही. ह्यांना विचारायचं.’ त्याखाली त्याच अक्षरात, ‘विचारलं. परीक्षेला येत नाही म्हणाले.’

खाली मॅडमची पेन्सिल होती, ‘फुप्फुसातल्या मिटू लागलेल्या पिशव्या उघडायला.’ त्याखाली किडनीसरांची, ‘आपल्या नकळत, तासाला दहाबारा तरी.’ दोन परक्या माणसांनी तिला उत्तर दिलं होतं. सरांना आपली इतकी लाज कधी वाटली नव्हती.

“बाकीच्या तिन्ही पुस्तकांत उसासा आहे का?” त्यांनी विचारलं.

हेडक्लार्कसकट तिघांनी एकेक पुस्तक चाळलं. कुठेच नव्हता.

“मग ही तिन्ही नकोत,” सर म्हणाले आणि जुनं पुस्तक छातीशी धरून घरी आले.

पुस्तक जागेवर ठेवायला त्यांनी वर्तमानपत्रं बाजूला केली, तर खाली हरवलेली चौथी नमुना प्रत. त्यांनी उभ्याउभ्याच श्वसनाचा धडा काढला. उसाशावर चांगलं अर्धं पान होतं.

सरांनी त्या प्रतीला कव्हर घातलं. कोपरे वाकडेच आले. मग पेन्सिलीला टोक करून त्यांनी बायकोचं पुस्तक उघडलं आणि पान दोनशे बारावर, सगळ्यांच्या खाली उरलेल्या जागेत लिहिलं, ‘यंदा परीक्षेला आहे. दहा गुण.’