केसांनी दिलेली मुदत

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुकुंद खातूंच्या केसांनी त्यांना कळवलं की दिवाळीआधीच्या रविवारपर्यंत घरात खरं काय ते सांगा, नाहीतर आम्ही सगळे मिळून निघतो.

कळवण्याचं काम भोवऱ्यातल्या एका केसाकडे होतं. वयानं मोठा, बोलायला सभ्य. मुकुंद चिपळुणातल्या आपल्या इलेक्ट्रिकच्या दुकानाचं शटर उघडून नुकतेच गल्ल्यावर बसले होते.

"एकमतानं ठरलंय," केस म्हणाला. "कानाजवळचे तेवढे गप्प होते. त्यांना तसाही काही धोका नसतो."

केस बोलला याचं मुकुंदांना काही वाटलं नाही. जन्मभर डोक्यावर बसलेला माणूससुद्धा कधी ना कधी तोंड उघडतोच. वाटली ती लाज, कारण खरं काय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बारा वर्षं ते रोज एक गोळी घेत होते. दुकानात, फ्यूजच्या डब्यामागे ठेवलेली. उशीवर केस दिसायला लागले तेव्हा गुपचूप रत्नागिरीला जाऊन आणलेली. तिथल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं: आहेत ते टिकतील, पण गोळी चालू असेपर्यंतच. बंद केलीत की वर्षभरात हिशेब चुकता. आणि डोकं एकदा गुळगुळीत झालं की मग गोळीचा उपयोग नाही, वेळेवर सुरू करायला हवी.

घरी मात्र श्रेय तेलाला होतं. त्यांची बायको शुभदा माका, ब्राह्मी आणि जास्वंदीची फुलं घालून खोबरेल कढवायची. दिवाळीआधीच्या रविवारी मागीलदारी मोठी कढई चढायची, आळीतली माणसं रिकाम्या बाटल्या घेऊन यायची. मुकुंद स्टुलावर बसायचे आणि बाटली भरून घेण्याआधी प्रत्येकजण त्यांच्या डोक्यावरून हात फिरवून खात्री करायचा. शुभदा म्हणायची, "हे बघा आमच्या ह्यांचं डोकं. आणखी काय सांगू?" त्या दिवशी तिचा चेहरा असा काही फुललेला असायचा की मुकुंदांची जीभ उचलायची नाही. पहिल्या वर्षी उचलली नाही, मग उचलायची राहूनच गेली.

"आळीचं आम्ही मनावर घेतलं नसतं," केस म्हणाला. "प्रश्न जयवंतचा आहे."

जयवंत शुभदाचा धाकटा भाऊ. बाजारात त्याचा फोटो स्टुडिओ. येईल त्याला आरशासमोर उभं करून भांग पाडून द्यायचा. दहा वर्षांपूर्वी त्याचं कपाळ वर सरकायला लागलं, तेव्हापासून तो बहिणीचं तेल देवाच्या नेमानं लावत आला. केस गेले ते गेलेच. दोन स्थळं फोटो पाहून परतली. तरी म्हणायचा, "माझंच चुकतंय ताई, मी नीट जिरवत नसेन." सुरुवातीला, डोक्यावर अजून बरेच केस होते तेव्हा, एकदा दुकानात येऊन त्यानं मुकुंदांना हळूच विचारलं होतं, "भावोजी, तुम्ही नुसतं तेलच लावता ना?"

"नुसतं तेल," मुकुंद म्हणाले होते.

"तेव्हा आम्ही वरच होतो," केस म्हणाला. "सगळं ऐकलं. त्या दिवसापासून आम्हाला या डोक्यावर बसायची लाज वाटते."

"दिवाळी होऊ द्या, मग सांगतो."

"मुदत वाढवून मिळणार नाही."

"अरे, पण तुमच्यासाठीच घेतली ना गोळी?"

"घेतलीत. म्हणून आधी कळवतोय. बाकीच्यांचे न सांगता जातात."

"आणि सांगितलं तर?"

"तर गोळी चालू असेपर्यंत आम्ही आहोत. वयानं थोडे विरळ होऊ, पण शब्द देतो."

रविवार उजाडला. जयवंत पहाटेच येऊन कढईपाशी झारा घेऊन बसला होता. माणसं जमली, मुकुंद स्टुलावर बसले. सावंतकाकूंनी पहिला हात ठेवला, आणि टाळूवर एक सैलपणा आल्याचं मुकुंदांना जाणवलं. केसांची पुढची रांग निघायला उठून उभी राहिली होती. चारचौघांत टक्कल पडणार या भीतीनं त्यांच्या तोंडून सगळं बाहेर पडलं: गोळी, रत्नागिरी, बारा वर्षं. खरेपणासाठी त्यांनी काही सांगितलं नाही. केसांसाठीच सांगितलं, आणि सांगतानाही ते त्यांना कळत होतं.

सावंतकाकूंनी हात काढून घेतला आणि पदराला पुसला. बाकीच्यांनी आपापल्या बाटल्यांकडे पाहिलं. शुभदा कढईकडे बघत होती.

जयवंतनं झारा खाली ठेवला. "भावोजी, मी विचारलं होतं तेव्हा सुरू केली असती, तर?"

"राहिले असते," मुकुंद म्हणाले. "बरेचसे."

"आणि आता?"

"आता उपयोग नाही."

जयवंतनं मान डोलावली. पंचा खांद्यावर टाकला, बहिणीसमोर पाटावर येऊन बसला आणि डोकं पुढे केलं. "ताई, तेल कोमट आहे तोवर लाव."

"कशाला रे आता?" शुभदा म्हणाली.

"बरं वाटतं मला. लाव तू."

ती लावू लागली. त्या तुकतुकीत डोक्यावर तिची बोटं फिरत होती आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. माणसं एकेक करून बाटल्या पुढे सरकवू लागली. मुकुंदांकडे कोणी बघत नव्हतं. स्टुलावर बसलेल्या त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आपलं डोकं कुठे लपवावं ते कळेना.

"निघा आता," ते पुटपुटले. "एकूणएक जा. मी काही म्हणणार नाही."

"तसं ठरलं नव्हतं," भोवऱ्यातला केस म्हणाला.

"हात जोडतो."

"तुम्ही सांगितलंत. आम्ही राहणार."

मुकुंदांनी दोन्ही मुठींत केस धरून जोरानं ओढले. एकही हाती आला नाही.