तुम्ही व्यवस्थापन व्हा

"शिंदे, बसा. तुम्ही व्यवस्थापन व्हा."

हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही, त्याला नामदेव आप्पा ओव्हाळ भेटलेलेच नाहीत. मी ते इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही कुणी म्हटलं तर मी खुर्ची शोधेन. वास्तविक मी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीतला साधा ऑपरेटर. जन्मात कुणावर हुकूम गाजवला नाही, घरी, राहू गावाला, गेल्यावर बायकोपुढं तर नाहीच नाही. पण आप्पांनी मला मालक करून ठेवला. का? तर म्हणे, "तुमचं पोट शोभतं त्या खुर्चीत." आता यावर माणसानं चिडू नये तर काय करावं?

सगळा दोष आमच्या साहेबांचा. त्या काळी सरकारतर्फे कामगार शिक्षणाचे वर्ग चालायचे. कारखान्यातला एखादा माणूस पुण्याला पाठवायचा, त्यानं तिथं शिकायचं आणि परत येऊन बाकीच्यांना शिकवायचं. आप्पा युनियनच्या मीटिंगमध्ये फार प्रश्न विचारत. साहेबांना वाटलं, ह्यांना पाठवा, तेवढेच चार दिवस शांतता. आप्पा गेले ते नुसते बडबडे म्हणून, आणि आले ते शिक्षक होऊन! तिथं त्यांना वाटाघाटींचा सराव शिकवला होता. निम्म्या लोकांनी कामगार व्हायचं, निम्म्यांनी व्यवस्थापन, यथेच्छ भांडायचं आणि मग जागा बदलायच्या. बाकीचे लोक हा खेळ तिथंच सोडून आले असतील. आप्पांनी तो पिशवीत घालून आणला आणि आमच्या डोक्यावर बसवला.

एकदा आम्ही दोघं त्यांच्या गावी, तळेगाव ढमढेऱ्याला, बाजाराच्या दिवशी निघालो होतो. जीपवाला माणसं कोंबत होता. आप्पा खाली उतरले. "डायवर, तुम्ही पॅशिंजर व्हा. मी डायवर." ड्रायव्हर बिचारा मस्करी समजून मागं जाऊन बसला, दोन कोबीवाल्यांच्या मध्ये. आप्पा स्टिअरिंगवर. गाडी चालवता येत नाही, मग करणार काय? भाषण सुरू! कामाच्या ठिकाणची सुरक्षितता, माणसाची किंमत, काय नि काय. उन्हात जीप तापलेली, कोबीवाले शिव्या देतायत, आणि मागून ड्रायव्हर ओरडतोय, "ओ आप्पा, मला उतरवा, जीव गुदमरतोय!" "कळलं का?" म्हणाले आप्पा, आणि शांतपणे उतरले. त्या दिवशी बाजार उठायच्या वेळी आम्ही पोचलो. मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही.

पुढं एकदा पुण्याच्या कॉलेजातल्या एक मॅडम आल्या. कामगार आणि व्यवस्थापनाच्या संबंधांवर संशोधन करत होत्या. संबंध उत्तम, बरे की वाईट, असं विचारत होत्या. आप्पांनी उत्तर द्यायचं सोडून त्यांनाच खुर्चीत बसवलं. "मॅडम, तुम्ही कामगार व्हा." मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "व्हायचं काय त्यात? मी तासावरच शिकवते. सुट्टी लागली की पगार बंद." झालं! आप्पांचं टाळकं सरकलं. "म्हंजी शिकलेल्या माणसाला बी रोजंदारी? शिंदे, ऐकताय का!" आणि त्या बाईंसाठी त्यांनी चहाच्या हॉटेलापुढं घोषणा द्यायला सुरुवात केली. मॅडम लाजून चूर. पण एसटीत चढताना त्यांनी आप्पांना वाकून नमस्कार केला, तेही मी पाहिलं.

आमच्या चाळीत आप्पांची आणि माझी खोली लागून. त्यांची बायको फार लवकर गेली, लेक शिरूरला सासरी. माझी बायकोपोरं राहूला, मी खानावळीत जेवायचो. संध्याकाळी पलीकडून भाकरी थापल्याचा आवाज यायचा, एका तालात, थप थप थप. तो थांबला की मी ओळखायचो, आता दार वाजणार. वाजायचंच. "शिंदे, थोडा सराव करू. वाटाघाटीला समोर कुणीतरी लागतं, भिंत काय बोलत न्हाई." आणि मी, दमून आलेला माणूस, पुन्हा व्यवस्थापन!

दर रविवारी त्याच चहाच्या हॉटेलामागं त्यांचा वर्ग भरायचा. मंडपवाल्याकडून खुर्च्या आणायचे, कारण वर्गात कुणी जमिनीवर बसायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. एकदा एक जण उकिडवा बसला तर आप्पा असे तडकले, की बिचारा उभाच राहिला. "माझा बाप जलमभर दुसऱ्याच्या उंबऱ्याभाईर बसला. तेवढं बसणं आमच्या घराला पुरं झालं," एवढंच म्हणाले.

या वर्गाला पारूबाई येऊ लागली. पारूबाई ठेकेदाराकडची. रिकामे केमिकलचे ड्रम धुवायचं काम. खुर्चीच्या अगदी कडेला टेकायची, ऊठ म्हणायच्या आत उठता यावं अशी. आप्पा म्हणायचे, "पारूबाई, तुम्ही युनियन. मागा काय मागायचं ते." ती पदर तोंडाला लावून हसायची. शब्द काढेल तर शपथ.

आणि एक दिवस ड्रम धुताना तिचा उजवा हात भाजला. हातमोजे फाटके होते. आता यापुढचं सांगताना माझं डोकं आजही तापतं. ठेकेदार तिला म्हणाला, घरी स्टोव्ह भडकला म्हणून सांग. कंपनी म्हणाली, ती आमची कामगारच नाही. आणि आमची युनियन? आमचे पुढारी म्हणाले, ती सभासद नाही. वा रे वा! ड्रम कंपनीचा, आतलं अॅसिड कंपनीचं, फायदा कंपनीचा, आणि भाजलेला हात तेवढा कुणाचाच नाही!

मला वाटलं, आप्पा आता कंपनीचं गेट डोक्यावर घेणार. पण ते गप्प झाले. सरावाला बोलवेनात. पलीकडचा भाकरीचा आवाजही बिघडला. एक थाप पडायची, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी. कामावर त्यांच्या डब्यात फाटक्या, जाडजूड भाकऱ्या येऊ लागल्या. "आप्पा, म्हातारे झालात," मी चिडवलं. त्यांनी डबा झाकला.

शेवटी पर्सोनेलच्या साहेबांची वेळ मिळाली. आप्पा आणि मी आत गेलो. पारूबाई दाराबाहेर उभी. साहेबांनी वर न बघताच सांगितलं, "ओव्हाळ, ती आपली कामगार नाही. विषय संपला."

"साहेब," आप्पा म्हणाले, "पाच मिनिटं तुम्ही पारूबाई व्हा."

साहेब हसले. "ती नाटकं तुमच्या हॉटेलात. इथं नकोत."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी सवयीनं खुर्चीकडं वळलो. पण ते म्हणाले, "ऱ्हावा. मीच होतो." आणि आप्पा ओव्हाळ, ज्यांनी आयुष्यात कुणाला जमिनीवर बसू दिलं नाही, ते साहेबांच्या टेबलापुढं फरशीवर बसले.

मी वाट पाहत होतो भाषणाची. जीपमध्ये भाषण ठोकून बाजार बुडवणारा माणूस हा! पण आज भाषण नाही. त्यांनी उजवा हात काखेत दाबला आणि डाव्या हातानं फरशीवर थापायला लागले. एक थाप. थांबले. दुसरी थाप. मग मान वर करून म्हणाले, "साहेब, फिरत न्हाई ओ. एका हातानं भाकरी फिरत न्हाई."

साहेब चुळबुळले. तेवढ्यात दार उघडलं.

"आप्पा, उठा," पारूबाई म्हणाली. "तुम्ही नगा होऊ पारूबाई. म्या हाय की."

तिनं खुर्ची ओढली आणि पाठ टेकून, ऐसपैस बसली. हाताची पट्टी सोडली आणि तो हात साहेबांच्या टेबलावर ठेवला. "औषधपाणी कंपनीनं करायचं. हात बरा होस्तवर हलकं काम द्यायचं. आन् ड्रम धुणाऱ्या समद्या बायांना धड हातमोजे."

"बाई, हे तुम्ही ठेकेदाराला..."

"ड्रम कुणाचं हायती साहेब? ठेकेदाराचं, का तुमचं?"

साहेबांनी तो हात पाहिला आणि खिडकीकडं तोंड केलं. औषधपाणी आणि हलकं काम त्यांनी मान्य केलं. हातमोज्यांचा विचार करू म्हणाले. पुढं ते आले, पण सगळे एकाच मापाचे, पैलवानाच्या हाताला बसावेत असे. तिला कायम करण्याचं तर नावच नाही. संताप, नुसता संताप! पण पारूबाई बाहेर पडली ती ताठ चालत. आप्पा मात्र अजून फरशीवरच होते. मी हात देऊन उठवलं तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

त्या संध्याकाळी पुन्हा तोच आवाज. एक थाप, मग काही नाही. आता मात्र मला राहवेना. मीच त्यांचं दार ढकललं. आप्पा परातीपुढं बसलेले, उजवा हात टॉवेलनं कमरेला घट्ट बांधलेला, डाव्या हाताला पीठ, आणि बाजूला फाटलेल्या भाकऱ्यांची चवड.

"आप्पा! मीटिंग झाली की! आता कशाला हा सराव?"

"तिचा हात कुठं बरा झालाय अजून?" ते म्हणाले. "दोन हातांनी थापायला बसलो तर हात चालंना, शिंदे."

असा राग आला मला! कंपनीचा, ठेकेदाराचा, आमच्या युनियनचा, आणि इतके दिवस हा आवाज ऐकूनही मला काही कळलं नाही याचा. मी बाह्या सारल्या. "सरका. आज मी पारूबाई."

"आन् व्यवस्थापन?"

"व्यवस्थापनाला आज सुट्टी."

माझी भाकरी त्यांच्याहून वाईट झाली. तव्यावर टाकताना दोन तुकडे झाले. आप्पांनी करपलेला तुकडा स्वतःकडं ओढला, ठेच्याला लावून खाल्ला, आणि भिंतीला टेकून बसले.

"शिंदे, उद्या बी येता का?"

"वाटाघाटीला?"

"न्हाई," आप्पा म्हणाले. "जेवायला."