दिगंबर भावजींचे तीन फोन

आमच्या शेजारचे दिगंबर भावजी एक रिसीव्हर डाव्या खांद्यात, दुसरा उजव्या खांद्यात दाबून तिसऱ्या फोनची तबकडी फिरवायचे. मान दिसायचीच नाही. दारातून बघितलं की वाटायचं, धोतर नेसलेलं कासव बसलंय.

परभणीत आमच्या गल्लीत तेव्हा तीन फोन होते. भावजींचा, समोरच्या डॉक्टरांचा आणि आमचा. भावजींची मोंढ्याच्या बाजारात कापसाची आडत. एसटीडी नवीन आलेली, पण बाहेरगावचा नंबर सकाळी फिरवावा तर दुपारी लागायचा. भावजी म्हणाले, "वहिनी, एका बैलावर शेती होत न्हाई. तिन्ही लाइनी एका जागी जोडतो. तिप्पट जोर येईल."

"फोन हाय का मोट?"

"तुमाला न्हाई कळायचं."

कळत तर त्यांनाही नव्हतं. डॉक्टरांच्या आणि आमच्या घरांतून वायरी ओढून त्यांनी तिन्ही लाइनी एकाच फोनला पिळल्या. जोर आला. पेडगावच्या पेशंटचे जुलाब, कापसाचा भाव आणि माझी बहीण सुनेला घालत असलेल्या शिव्या, सगळं एकदम ऐकू यायला लागलं. भावजींनी पेशंटला विचारलं, "क्विंटलला काय?" डॉक्टर बरेच दिवस बोलले नाहीत.

लाइनमननं येऊन वायरी सोडवल्या आणि हात जोडले. मग भावजींनी दुसरी तऱ्हा काढली. डॉक्टरांचा आणि आमचा फोनही त्यांच्याच टेबलावर, तीन लाइनींना तीन फोन. एकच नंबर तिन्हींवर फिरवत बसायचं, जो आधी लागेल तो आपला. लागला की असे ओरडायचे की तार नसती तरी भागलं असतं.

आम्ही हे चालू कसं दिलं म्हणाल, तर ज्याचा फोन त्याला बोलावीन म्हणाले होते आणि माणूस शब्दाचा पक्का. आमच्या लाइनीवर घंटी वाजली की हातातलं काम टाकून खिडकीतून हाक मारायचे, "वहिनी, तुमच्या बहिणीचा! आधी जेवून घ्या, लय लांबायचंय!"

त्यांची एकुलती एक मुलगी सुमन औरंगाबादला दिलेली. तिचे दिवस भरले आणि नेमका विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद. एस.टी. आगारातून हलेना. सकाळी जावयांचा फोन आला, दवाखान्यात आणलंय. भावजींनी दवाखान्याचा नंबर विचारून घेतला आणि टेबलाला चिकटले ते उठेनात. दुपार झाली. तिन्ही फोनवर एकच टूं टूं.

मी चहा घेऊन गेले. तबकडीतून त्यांचं बोट निसटत होतं.

"चौथा फोन कुणाकडं हाय, वहिनी?"

मी विचारलं, "भावजी, जावई तिकडून कुठं फोन लावत असतील?"

"इथंच की. तिन्ही नंबर हायत त्यांच्यापाशी."

"मग इथं रिकामा कोणता हाय?"

त्यांनी तिन्ही फोनांकडे बघितलं.

"ठेवा खाली. तिन्ही."

"ठेवले आन् तेवढ्यात काई झालं तर?"

असं का म्हणाले, मला ठाऊक होतं. सुमनच्या वेळी त्यांची बायको नांदेडच्या दवाखान्यात होती. तेव्हा गावाबाहेर जाणारी एकच तार, तीही तुटलेली. फोन आलाच नाही. आला तो माणूस, बसनं, बायको गेल्याचा निरोप घेऊन. भावजी त्याला पेढ्याच्या दुकानात भेटले.

मीच एकेक रिसीव्हर जागेवर ठेवला. चहावर साय धरायच्या आत आमच्या लाइनीवर घंटी वाजली. भावजींनी उचलला. ओरडले नाहीत. हळूच विचारलं, "सुमन कशी हाय?" मग नुसते ऐकत राहिले.

मुलगी झाली होती. मायलेकी दोघी सुखरूप. जावयांनी बाळ फोनजवळ आणलं असावं. त्याचं रडणं मला उभ्या जागी ऐकू येत होतं. बाळ रडत होतं आणि भावजी "हां… हां…" म्हणत होते, जसं कुणी कापसाचा भाव सांगतंय.

बराच वेळ झाला तरी सोडेनात. मी म्हणाले, "ठेवा आता, भावजी. लाइन मोकळी ठेवा. कुणाचा यायचा असंल."

त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. बाकीचे दोन फोन गप पडले होते.

"आता कुणाचा यायचा राहिलाय, वहिनी?"

लाइन आमची होती. पण मी गार झालेला चहा उचलला आणि पुन्हा तापवायला गेले.