बैठकीतलं बीपी

प्रकृतीची काळजी हा सुसंस्कृत कुटुंबाचा पाया आहे, आणि ती घेताना मानाचा क्रम पाळणं हा त्यावरचा कळस. झाशीत, नगरा मोहल्ल्यात, आमच्या शेजारचे आबासाहेब दोन्ही बाबतींत आदर्श. त्यांची सून स्नेहलता बाळंत होऊन घरी निघाली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिच्या नवऱ्याला, दिवाकरला, बजावलं, "घर पे सुबह-शाम इनका बीपी देखना। डेढ़ सौ के ऊपर जाए या सिर फटने लगे, तो सीधे यहाँ लाना। डिलीवरी के बाद भी जान जा सकती है।" दिवाकरने त्याच संध्याकाळी सीपरी बाजारातून मशीन आणलं. उत्तम मशीन होतं.

ते घरात आलं आणि तात्त्विक प्रश्न उभा राहिला. घरात सोयर होतं. बाळंतिणीला शिवलेलं कापड बारशापर्यंत धुतल्याशिवाय बाहेर येत नाही, आणि मशीनचा पट्टा तर धुता येत नाही. "आम्ही असलं काही मानत नाही," आबासाहेब म्हणाले. (खरंच मानत नाहीत. दर वेळी पाळण्याआधी ते तसं सांगतात.) "पण एकदा आत गेलं की मग मी काय वापरू?" मशीन बैठकीत राहिलं.

रिकामं राहिलं म्हणाल, तर छे! बाळ बघायला येईल त्याचं बीपी घ्यायची पद्धत पडली. आधी चहा, मग दंड. पुरुष आधी, त्यातही जावई सर्वांत आधी, मग बायका, आणि उरलाच वेळ तर दूधवाला भैया. माझं एकशे छत्तीस भरलं, तर आबासाहेबांच्या पत्नी इंदिराकाकूंनी माझ्या पुढ्यातली चिवड्याची बशी उचलून नेली. इतकी माया हल्ली कोण करतं हो? या धामधुमीत बाळ बघायचं बऱ्याच जणांचं राहूनच गेलं.

दवाखान्यातून चौकशीचा फोन येई. दिवाकर सांगे, "नॉर्मल है, जी।" यात खोटं काहीच नव्हतं. बैठकीची सरासरी एकशे अठ्ठावीस होती. सून याच घरचं अन्न खाते, याच घरची हवा घेते, शिवाय वयाने लहान, म्हणून आठ वजा. झाले एकशे वीस. इतकं सुरेख बीपी मोजलेल्यांपैकी एकाचंही नव्हतं.

"आई, डोकं फुटतंय माझं. डोळ्यांपुढे काजवे चमकतायत," स्नेहलता आतून म्हणाली.

"जागरण गं ते. वेखंड उगाळून लाव," काकू म्हणाल्या आणि जावयाच्या चहाला आलं किसायला गेल्या.

त्या दुपारी आबासाहेबांचे मेहुणे जगन्नाथराव पट्टा बांधून बसले होते. स्नेहलता भिंत धरत बाहेर आली. चेहरा सुजलेला. तिने त्यांच्या दंडावरचा पट्टा सोडवला, स्वतःला बांधला आणि बटण दाबलं. आकडा आला एकशे चौऱ्याहत्तर.

"झालं! बिघडवलं मशीन," आबासाहेब म्हणाले.

त्यानंतर जी तत्परता दिसली, तिला तोड नाही. दिवाकर स्कूटरला लाथ मारून तडक सीपरी बाजारात गेला. मशीन घेऊन. दुकानदाराने ते स्वतःवर लावलं, दिवाकरवर लावलं, म्हणाला, "एकदम सही है, भैया।" दिवाकरचा जीव भांड्यात पडला. गॅरंटी शाबूत होती.

तो परतला तेव्हा आतली खोली रिकामी होती. स्नेहलताने बाळाला दुपट्यात गुंडाळून, दारावरून जाणारी ऑटो थांबवून, एकटीने दवाखाना गाठला होता. "घंटाभर और लगता तो माँ नहीं बचती," डॉक्टरीणबाई मागून पोचलेल्या दिवाकरला म्हणाल्या. "अब तक आप थे कहाँ?" तो खरं तेच बोलला. मशीन तपासायला.

स्नेहलता वाचली. आबासाहेबांना मात्र तिने न सांगता घर सोडल्याचा धक्का बसला आणि त्यांचं बीपी एकशे साठावर गेलं. साहजिकच सगळे समाचाराला आले. त्यांच्याच घरी.

तुम्ही हसलात ना? हसा. पण माझं एकशे छत्तीस वाचल्याबरोबर तुम्ही आपलं शेवटचं किती होतं ते आठवून पाहिलंत. पाहिलंतच! आता तेवढंच सांगा: तुमच्या घरातल्या बाईचं किती होतं?