हत्तीणबाईंचा सपाट उतार

एका जंगलात, मुलांनो, संगणक आला आणि प्राण्यांनी डोळ्यांनी बघणे सोडून दिले.

तिथल्या हत्तीणबाईंचे गुडघे धरले होते. तळ्याचा काठ उंच, त्यांना पाण्यापर्यंत उतरता येईना. वनराज सिंहांनी त्यांच्यासाठी उतार बांधायला सांगितला. अट एकच, कोन पाच अंशांहून जास्त नको.

कोन काढायचे काम कोल्होबांकडे आले. त्यांनी स्प्रेडशीट उघडली आणि मॅक्रो, म्हणजे आपोआप हिशेब करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहायला घेतला. उंची भागिले लांबी, त्याचा उलटा साइन, की झाला कोन. पण मॅक्रोच्या भाषेत उलटा साइन नव्हताच, नुसता उलटा टॅन होता. कोल्होबांनी त्यातूनच उलटा साइन घडवला. हुशारच होते ते.

काठ पाच हात, उतार दहा हात. बटण दाबले. उत्तर आले ०.५२.

"जेमतेम अर्धा अंश," कोल्होबा म्हणाले. "सपाटच म्हणा ना."

उतार बांधून झाला. हत्तीणबाई वरून डोकावल्या. "अहो, ही तर घसरगुंडी दिसतेय."

"तसं वाटतं तुम्हाला. शीटवर बघा."

बाईंनी शीटवर बघितले, पाय टाकला आणि थेट तळ्यात जाऊन बसल्या. पाणी पोटभर मिळाले. पण पाला वर राहिला, आणि चढता येईना. बिचाऱ्यांना रडूच आले.

कोल्होबांनी मॅक्रो तपासला. तो अंशांत बोलतच नव्हता, रेडियनमध्ये बोलत होता, आणि एक रेडियन म्हणजे जवळजवळ सत्तावन्न अंश. त्यांनी गुपचूप दुरुस्ती केली. आता उत्तर आले तीस.

वनराजांनी शीट पाहिली आणि ते भडकले. "सकाळी अर्धा होता, आता तीस? तुमच्या दुरुस्तीनं उतार वाढला. काढून टाका ती."

काढली. उतार पुन्हा सपाट झाला. सगळ्यांना हायसे वाटले.

"मग मी वर येऊ कशी?" हत्तीणबाईंनी खालून विचारले.

"चालत या. थांबा, मीच दाखवतो," म्हणत वनराजांनी ऐटीत पाऊल टाकले.

धबकन आवाज झाला. थोड्या वेळाने पाण्यातून आयाळ वर आली. "कोल्होबा, उतार लांबवा. आजच."

"पण महाराज, शीटवर तर..."

"शीट घेऊन खाली या."

कोल्होबांनी उताराकडे पहिल्यांदाच नीट पाहिले आणि लगेच काम सुरू केले. संध्याकाळी हत्तीणबाई सावकाश चढून आल्या आणि पाला खात बसल्या.

तात्पर्य : उताराचा खरा कोन हवा असेल तर अंश की रेडियन या वादात पडू नये. साहेबांना पुढे चालू द्यावे.