फुलांच्या रविवारचा एकुलता एक पाहुणा

यावोरकाकांनी माशाच्या पोटात अक्रोडाचं सारण भरलं, दोऱ्याने पोट शिवायला घेतलं, आणि नेमकी तेव्हाच खालच्या आळीतून बोंब आली की नदीवरचा पूल वाहून गेला. डोंगरावरचं बर्फ यंदा एकदम वितळलं होतं. पूल जुना होता, लाकडी होता आणि तो कधीतरी जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण जायला त्याने हाच दिवस निवडावा, याचा काकांना संताप आला. सुई माशातच खुपसून ते अंगणात आले आणि नदीकडे बघत म्हणाले, "मेल्याचं एक दिवस थांबून काय बिघडलं असतं?"

दिवस होता त्स्वेत्नित्साचा, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या, फुलांच्या रविवारचा. ज्याचं नाव झाडावरून, फुलावरून, पानावरून ठेवलंय, त्या प्रत्येकाचा हा नावाचा दिवस. आणि आमच्या गाबेरित्सात तर दुसऱ्या तऱ्हेचं नावच उरलं नव्हतं. संतांची नावं लावणारे केव्हाच शहरात जाऊन बसले. मागे राहिली ती झाडं. यावोर आणि यासेन हे डोंगरातले दोन उंच वृक्ष, वर्बिनाआजी वाळुंजीच्या नावाची, सरपंच कालिन लाल फळांच्या झुडपाचे, यासेनची बायको दाफिना सुगंधी पानाची, आणि यावोरकाकांची मुलगी इग्लिका म्हणजे बर्फ सरताच उमलणारं पिवळं फूल. गाव कसलं, रोपवाटिकाच ती.

नावाच्या दिवसाचा आमचा कायदा साधा आहे. ज्याचा दिवस त्याने घरात पानं मांडायची, दार उघडं ठेवायचं आणि वाट बघायची. आमंत्रण कुणी देत नाही. बोलावणं म्हणजे जवळजवळ भीक मागणं. येणारा आपण होऊन येतो. आणि यजमानाने उंबरा सोडायचा नाही, कारण तो बाहेर पडायला आणि पाहुणा यायला एकच गाठ पडायची. संध्याकाळपर्यंत कुणी फिरकलंच नाही, तर त्या घराचं वर्ष फुकट गेलं म्हणायचं. यासेनच्या चुलत्याकडे एका वर्षी कुणी आलं नाही. त्याची गाय आटली, विहीर आटली आणि निवडणुकीत त्याला स्वतःच्या बायकोचंही मत पडलं नाही, असं वर्बिनाआजी अजून सांगते.

एरवी पाहुण्यांची ददात नसे. नदीपलीकडून गाड्या भरभरून नातलग येत. यंदाही आले. पलीकडच्या काठापर्यंत आले, भोंगे वाजवले, हात हलवले. सरपंचांच्या मेव्हण्याने केकचा खोका उंच धरून दाखवला आणि मग तो गाडीत ठेवून परत घेऊन गेला. गावाच्या तोंडचं पाणी पळालं. चाळीस दिवसांच्या उपासात आज मासा चालतो, म्हणून घरोघरी मासा शिजलेला. घरोघरी यजमान इस्त्रीचे कपडे घालून बसलेला. आणि पाहुणा म्हणून जायला अख्ख्या गावात कुणी नाही.

कुणी नाही म्हणजे, एक होता.

वल्को. वल्को म्हणजे लांडगा. त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती, तेव्हा याला बघून तरी रोगराई पळावी म्हणून आईने हे नाव ठेवलं. रोगराई पळाली, पण वल्को मोठा झाल्यावर स्वतःच सगळ्यांना बघून पळू लागला. धंदा इंजिनावरच्या करवती दुरुस्त करण्याचा. म्हणजे गाव झाडांचं आणि त्यात हा करवतवाला. तरी माणूस सोन्यासारखा, आणि इग्लिकाला तो मनापासून आवडायचा. घोडं अडलं होतं ते यावोरकाकांपाशी. वल्को मागणी घालायला तीनदा त्यांच्याकडे गेला. तीनही वेळा त्याने तोंड उघडायच्या आत काकांनी त्याच्या हातात काहीतरी बिघडलेलं ठेवलं, आणि तीनही वेळा तो ते दुरुस्त करून मुकाट्याने घरी आला.

शेवटी इग्लिकाचा धीर सुटला. वार्नाला समुद्रकाठच्या एका हॉटेलात तिला नोकरी चालून आली होती, आणि वार्नाला गेलेलं माणूस गाबेरित्साला परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ती वल्कोला म्हणाली, "रविवारी सूर्य मावळायच्या आत मला त्यांना फोन करायचाय. हो सांगू की नाही, ते तुझ्यावर. आमच्याकडे ये, जेव आणि बाबांना विचार. नावाच्या दिवशी पाहुण्याच्या हातात कुणी पाना देत नाही."

त्यामुळे पूल गेल्याचं ऐकून सगळ्या गावात एकटा वल्को खूश झाला. यावोरकाकांकडे आज दुसरं कुणी नसणार, मैदान मोकळं. नवा सदरा चढवून, फुलांचा गुच्छ घेऊन तो भर दुपारी निघाला. त्याचं घर गावाच्या खालच्या टोकाला, काकांचं वरच्या टोकाला, आणि मध्ये एकच रस्ता. त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना फाटकं, आणि प्रत्येक फाटकाच्या आत एकेक यजमान दबा धरून उभा आहे, हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानातच आलं नाही.

पहिलं घर वर्बिनाआजीचं. दारावर वाळुंजीच्या डहाळ्यांचं कडं लटकलेलं, आणि त्याच्या खाली आजी.

"मी बोलावत नाहीये हो," आजी म्हणाली. "नुसतं विचारते. वास येतोय का रे तुला?"

वल्कोला हो म्हणावं लागलं. वास येतो म्हटल्यावर पुढे जाणं बरं दिसेना. नुसतं टेकतो म्हणून तो आत गेला, तर आजीने आधी त्याचा गुच्छ काढून घेतला, कारण पाहुणा रिकाम्या हाताने थोडाच येतो, आणि मग समोर एक अख्खा मासा ठेवला. त्यावर द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात. त्यावर घेवडा. पुरे म्हटलं की आजी डोळ्याला रुमाल लावायची आणि आपलं पुढच्या वर्षीचं काही खरं नाही म्हणायची. वल्को बाहेर आला तेव्हा सदऱ्याचं खालचं बटण उघडं होतं.

पुढचं घर यासेनचं. हे मात्र कठीण प्रकरण होतं, कारण नवराबायको दोघांचाही आज दिवस. वल्कोने यासेनच्या नावाने एक ताटली कशीबशी संपवली आणि उठायला लागला, तोच दाफिनाने दुसरी समोर ठेवली.

"वहिनी, खरंच नको. आत्ताच जेवलो."

"ते ह्यांच्या नावाने जेवलात, भाऊजी. माझं नाव काय रस्त्यावर पडलंय?"

तिथून पुढे गोष्टी हातघाईवर आल्या. पाहुणा किती वेळ कुणाकडे बसला, यावर वरच्या घरांचा डोळा होता. उंबरा सोडून जाता येत नाही, म्हणून लोक फाटकावर उभे राहून भांडू लागले. आजीने त्याला एवढा वेळ अडकवून ठेवलाच कसा, असं वरून कुणीतरी ओरडलं. माझ्या वयाची तरी लाज बाळगा, असं आजीने खालून ऐकवलं. अखेर सरपंच कालिन कमरेचा फडका सावरत दारात आले आणि तिथूनच त्यांनी ग्रामसभा भरवली. ठराव असा झाला की पाहुणा सगळ्या गावाचा आहे, घरटी एक ताटली आणि एक पेला, आग्रह बंद. आजीने लगेच अनुमोदन दिलं, कारण तिचं आटोपलं होतं. वल्कोचं मत कुणी विचारलं नाही.

ठराव मोडला तो सरपंचांनीच. त्यांनी दोन ताटल्या वाढल्या आणि पहिली ठरावाच्या आधीच वाढून ठेवली होती असं सांगितलं.

वल्को यावोरकाकांच्या पायऱ्या चढला तेव्हा उन्हं कलली होती. सदऱ्याला एकही बटण लागत नव्हतं आणि तो भिंतीला धरून चालत होता. इग्लिका दारातच होती, फोन हातात.

"आता आलास? मला वाटलं, तूही पलीकडच्या काठावर राहिलास."

"गाव आडवं आलं गं," वल्को म्हणाला. याहून जास्त बोलायला पोटात जागा नव्हती.

बायको गेल्यापासून यावोरकाका स्वतः स्वयंपाक करत आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. त्यांनी ठेवणीतला कोट घातला होता. टेबलाच्या मधोमध तो मासा, सोनेरी भाजलेला, अक्रोडाचं सारण बाहेर डोकावणारा. काकांनी स्वतःच्या हाताने पोटाकडचा मोठा तुकडा वल्कोच्या ताटलीत ठेवला आणि समोर बसून बघत राहिले. वल्कोने काटा उचलला. काटा तोंडाजवळ आला आणि तोंडाने उघडायला साफ नकार दिला. त्याने काटा खाली ठेवला.

काकांचा चेहरा पडला. "सगळ्या गावाचं खाल्लंस. आमचाच मासा कडू का?"

इग्लिका खिडकीतून मावळतीकडे बघत होती आणि तिचा अंगठा फोनवर होता. आता नाही तर कधीच नाही, हे त्या भित्र्या माणसालाही कळलं. "माझ्याने खाववत नाही" असं सांगायला त्याने तोंड उघडलं आणि बाहेर भलतंच आलं.

"काका, मला इग्लिकाशी लग्न करायचंय."

काकांना एका कानाने कमी ऐकू येत असे. "काय करायचंय?"

वल्को पुन्हा म्हणाला. काकांनी कानामागे हात धरला. मग वल्को उभा राहिला आणि जन्मात पहिल्यांदा ओरडला. ते इतकं मोठ्याने झालं की रस्त्यापलीकडे सरपंचांच्या हातातला डाव खाली पडला.

काका नाहीच म्हणणार होते. तो शब्द त्यांच्या ओठांवर आला होता. पण त्याआधी समोरच्या दारातून सरपंचांचा आवाज आला. "यावोर, हो म्हणू नकोस. गावाचं नुकसान आहे."

"कसलं नुकसान?"

"अरे, पोरगी त्याच्या घरी गेली की पुढच्या वर्षी तिच्या नावाचं पान तिथे मांडणार. म्हणजे हाही यजमान. उंबऱ्याला बांधलेला. पूल पुन्हा गेला तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

हा मुद्दा गावाला एकदम पटला. फाटकाफाटकांतून तो खाली गेला आणि फाटकाफाटकांतून उत्तरं वर आली. गावाचा पाहुणा एकट्याने पळवायचा नाही, असं आजीने बजावलं. नवा पूल होईपर्यंत लग्न थांबवा, अशी यासेनची सूचना होती.

"नवा पूल होईपर्यंत माझे केस पांढरे होतील," इग्लिका खिडकीतून म्हणाली.

यावोरकाकांचा एक स्वभाव होता. सरपंचांनी पूर्व म्हटलं की ते पश्चिमेला जात. त्या दोघांत बांधावरून जुनं वाकडं होतं आणि आता तर सगळं गावच सरपंचांच्या बाजूने उभं राहिलं होतं. काका ताडकन उठले आणि ओसरीत येऊन गरजले, "माझ्या पोरीचं लग्न आता हे ठरवणार? दिली! ईस्टर झाला की वरात. काय करायचं ते करा."

इग्लिकाने तिथल्या तिथे वार्नाला फोन लावला आणि येत नाही म्हणून सांगितलं. वल्कोला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं. काकांनी त्याला मिठी मारली, दोन पेले भरले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आजपासून तू ह्या घरचा."

रस्त्यापलीकडून सरपंच अगदी गोड आवाजात म्हणाले, "अभिनंदन, यावोर. मग आज तुझ्याकडे पाहुणा कोण आला होता?"

काका हसत होते ते थांबले. त्यांनी माशाकडे पाहिलं. वल्कोच्या ताटलीतला तुकडा जसाच्या तसा होता. गावातल्या प्रत्येक घरी पाहुणा जेवून गेला होता, आणि त्यांच्या घरात बसला होता तो जावई.

ते वल्कोच्या कानाशी वाकले. "मी हो म्हणायच्या आधी एखादा घास खाल्ला होतास का रे?"

"नाही, काका."

"मग असं करू. मी हो तेवढं मागे घेतो. तू पाहुणा म्हणून एक घास खा, लगेच परत देतो."

"बाबा," इग्लिका म्हणाली, "मी वार्नाला 'नाही' सांगून बसलेय."

काका फाटकाशी जाऊन उभे राहिले. बोलावता तर येत नव्हतं. ते रस्त्याशीच बोलू लागले, की यंदा मासा जरा मोठाच मिळाला बुवा, आणि अक्रोड काय निघालेत. सरपंच आपल्या दारात आभाळाकडे बघत उभे होते.

"मी बोलावत नाहीये," काका म्हणाले.

"मीही येत नाहीये. माझा दिवस आहे, उंबरा कसा सोडू?"

इग्लिका बापाच्या मागे येऊन उभी राहिली. "कालिनकाका, तुमच्याकडे पाहुणा जेवून गेला ना? मग आता कुणाची वाट बघताय?"

दुपारपासून हा प्रश्न गावात कुणालाच पडला नव्हता. सरपंचांनी कमरेचा फडका सोडला, दाराला टांगला आणि रस्ता ओलांडला. त्यांना जाताना यासेनने पाहिलं, यासेनला जाताना आजीने पाहिलं, आणि थोड्याच वेळात यावोरकाकांच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा राहिली नाही. पाहुण्याआधी यजमान खात नाही आणि पाहुणा गेल्यावर फाटकावरच्या भांडणात जेवायचं राहूनच गेलं होतं, त्यामुळे सगळेच उपाशी होते. काका घामाघूम होऊन वाढत होते. एवढे पाहुणे त्यांच्याकडे पूल धड असतानाही कधी आले नव्हते. सरपंचांनी माशाला बरा म्हटलं तेव्हा तर काकांनी त्यांना दोनदा वाढलं.

सगळे गेले तेव्हा ताटात माशाचा फक्त काटा राहिला होता. दिवसभराची धास्ती उतरल्यावर वल्कोला, सांगायला लाज वाटावी अशी, कडकडून भूक लागली. त्याने हळूच विचारलं, की एखादा तुकडा आहे का.

काकांनी त्याच्यापुढे पावाची कड आणि एक कांदा ठेवला.

"पाहुणे जेवले," ते म्हणाले. "आता घरचे."

वल्कोने कांदा बुक्कीने फोडला. अर्धा उचलून तो दुसऱ्या अर्ध्याला हात घालणार, तर तो इग्लिकाने आधीच घेतला होता. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.